सात पोती आणि एक टोपली

तात्यारावांच्या हाती काहीही द्या, ते आधी तोलून बघतात. लग्नाची पत्रिका आली तरी तळहातावर दोनदा उडवतात, मग उघडतात. मीरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या भाजीवाल्याने किलोभर कांदे दिले की पिशवी एका बोटाला अडकवून म्हणतात, "भैया, पचास ग्राम कम है." भाजीवाल्याने पूर्वी वाद घालून पाहिला. काटा तात्यारावांच्या बाजूने बोलला. आता तो मुकाट एक कांदा वर टाकतो.

चौतीस वर्षं त्यांनी धान्याच्या गोदामात पोती वाहिली. जालन्याकडून आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि पोतं शंभर किलोचं होतं. पुढे पोती पन्नास किलोंची झाली, तेव्हा बाकीच्यांनी पेढे वाटले. तात्याराव म्हणाले, "हात हलवत आल्यासारखं वाटतंय." रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण बिल्डिंगमध्ये कुणाचा फ्रीज चढायला लागला की ते जिन्यात येऊन उभे राहतात. "कमरेतून नको! गुडघ्यातून, गुडघ्यातून!" फ्रीजवाले शिव्या घालतात. मनातल्या मनात, कारण म्हाताऱ्याचं ऐकलं की फ्रीज खरंच हलका होतो.

अशा माणसाची मुलगी साक्षी. इतिहासात बी.ए. केलं आणि दोन वर्षं मीरा रोडच्या एका मॉलमध्ये काउंटरमागे उभी राहून लोकांना टॉयलेट कुठे आहे ते सांगत होती. मुंबईतल्या एका चित्रसंग्रहालयाला मराठीतून चित्रं समजावून सांगणारी माणसं हवी होती. लेखी परीक्षा ती पास झाली. आता शेवटची चाचणी उरली होती. दहा माणसं स्वतः गोळा करून आणायची, त्यांना दोन चित्रं दाखवायची, दोन्हींची तुलना करायची. शेवटी त्या दहा जणांनी चिठ्ठीवर दहापैकी मार्क द्यायचे. अट एकच, दहात घरचं माणूस नको.

"का बरं?" तात्यारावांनी विचारलं.

"घरचे खोटे मार्क देतात, पप्पा."

"आपल्या घरात कोण देणार?"

"तुमचं नाही म्हणत हो. जगाचं म्हणतेय."

आठवडाभर घरात सराव झाला. फ्रीज हे पहिलं चित्र, कपाट हे दुसरं. साक्षी फ्रीजसमोर उभी राहून हात पसरायची आणि म्हणायची, "बंदरावर माल उतरवणारे हे सात हमाल म्हणजे श्रमाच्या प्रतिष्ठेचं प्रतीक." तात्यारावांनी हे अकरा वेळा ऐकलं. बाराव्या वेळी विचारलं, "पोत्यात काय आहे?"

"कुठल्या?"

"हमालांच्या. तांदूळ, साखर, सिमेंट? प्रत्येकाची पाठ वेगळी असते."

"पप्पा, प्लीज."

"अहो, गप्प बसा ना," साक्षीची आई तुळसाबाई आतून म्हणाल्या. "मॉलमध्येच राहू द्यायचं का पोरीला जन्मभर?"

तात्यारावांनी पोत्यांचा विषय सोडला. नोकरी त्यांनाही हवी होती. तिच्याहून जास्तच हवी होती, फक्त बोलून दाखवायची सवय नव्हती.

रविवारी सकाळी मिनीबस आली. पेणकरपाड्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळातले नऊ जण वडापाव खाऊन आत बसले. दहावे शशिकांत, पोस्टातून रिटायर झालेले. त्यांच्या सुनेचा फोन आला. रात्रीच्या लग्नात बासुंदी जास्त झाली, आता ते बाथरूममधून बाहेर यायला तयार नाहीत.

नऊ माणसांवर चाचणी घेत नव्हते. साक्षी बसच्या पायरीवर उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. रविवारी सकाळी सात वाजता कोण येणार?

"तुझा बाप काय करतोय?" धर्माजींनी खिडकीतून डोकं काढलं. धर्माजी मूळचे समुद्रकाठच्या पाली गावचे, जन्मभर मच्छीमारी केलेले. सध्या मुलाकडे राहतात आणि मंडळात कामापेक्षा गोंधळ जास्त घालतात. "बस वर. आजच्या दिवस तू शशिकांत हाय. तिथं कोन वलखतंय?"

साक्षीने वडिलांकडे पाहिलं. तात्यारावांच्या पायात चप्पल होती, ते फक्त सोडायला आले होते.

"एक शब्द बोलायचा नाही," ती म्हणाली.

"नाही बोलणार."

"मान पण हलवायची नाही."

"हलवणार नाही. चल, उशीर होतोय."

दहिसरचा नाका येईपर्यंत धर्माजींनी त्यांना सहा वेळा शशिकांत म्हणून हाक मारली. तात्यारावांनी एकदाही ओ दिली नाही. "अरे, निदान बघ तरी माझ्याकडं," धर्माजी म्हणाले. "नावाला जागायला पाहिजे."

संग्रहालयात हंसा मॅडम वही घेऊन तयार होत्या. साठीच्या आसपासच्या, कॉटनची साडी, चष्मा दोरीला. यादी वाचली; शशिकांतांचं नाव आलं तेव्हा साक्षीने वडिलांकडे बोट केलं. मॅडमनी दहा माणसं मोजली आणि सगळ्यात मागे उभ्या राहिल्या. साक्षीने सुरुवात केली.

पहिलं चित्र भिंतभर होतं. मागे जहाज, वर पिवळा उजेड, आणि फळीवरून ओळीने उतरणारे सात हमाल. माना ताठ, छात्या पुढे. पोती खांद्यांवर अशी बसलेली, जशी मानाच्या पाहुण्यावर शाल.

तात्यारावांनी पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

पहिल्याची टाच उचललेली. भरल्या पोत्याखाली टाच उचलली की घोटा गेला. तिसरा समुद्राकडे बघतोय. फळीवरून समुद्राकडे बघत चालणारा हमाल थोड्या वेळाने समुद्रातच सापडतो. पाचवा तर हसतोय! तात्यारावांनी ओठ घट्ट मिटले. पण तोंडाला कुलूप घातलं तरी अंग ऐकेना. त्यांचे गुडघे आपोआप वाकले, पाठ पुढे झुकली, मान खाली गेली, नजर तीन पावलांपुढे टेकली. साक्षी सांगत होती "श्रमाची प्रतिष्ठा," आणि मागे एक म्हातारा अदृश्य पोतं घेऊन भर संग्रहालयात उभा होता.

"शशिकांतभाई," हंसा मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "कंबर दुखते काय?"

तात्यारावांनी नकार द्यायला मान हलवली आणि वचन आठवून मध्येच थांबवली.

"पोस्टात होते ना तुम्ही? यादीत लिहिलंय."

"हो."

"पोस्टात एवढं वाकावं लागतं?"

"त्याच्याकडं पार्सलं व्हती, मॅडम," धर्माजी म्हणाले. "जड."

सगळे वळून बघायला लागले. साक्षीचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. हंसा मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मनात काही आहे. बोला ना. प्रश्न विचारायचेच असतात इथे."

तात्यारावांनी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. न बोलावं तर बाई सोडत नाही, बोलावं तर पोर सोडणार नाही.

"मॅडम," ते आपल्या लेकीला म्हणाले, "या पोत्यांत काही नाही."

कुणीतरी हसलं. साक्षी चित्राकडे वळली. आठवडाभर घोकलेल्या पाठात याचं उत्तर नव्हतं. ती पहिल्या हमालाची टाच बघत राहिली, मग हसणारा पाचवा. हंसा मॅडमनी वहीवर पेन टेकवलं.

"बरोबर आहे तुमचं," साक्षी सावकाश म्हणाली. "पण मला एक सांगा. चित्रकार काही एका दिवसात हे काढणार नाही. माणसं समोर उभी करून, बघून बघून काढणार. तास तासभर. शंभर किलो घेऊन कोण उभं राहील?"

"कुणीच नाही," तात्याराव लगेच म्हणाले. "ओझं घेऊन चालता येतं. उभं राहता येत नाही."

"मग त्याने पोत्यात पेंढा भरला असेल. आणि जे समोर दिसलं ते इमानाने काढलं. पेंढ्याचं वजन काढलंय त्याने."

तात्यारावांनी पुन्हा चित्र पाहिलं. पेंढ्याच्या हिशेबाने पाहिलं आणि सगळं जागेवर बसलं. टाच उचलणारच. पाचवा हसणारच. पण मग त्यांना दुसरंच काहीतरी सलायला लागलं.

"हात वर धरून एवढा वेळ उभे?" ते म्हणाले. "मुंग्या येतात हाताला. हे पण कामच आहे. मजुरी दिली असेल ना यांना?"

"ते कुठे लिहिलेलं नाही, काका."

"लिहायला पाहिजे होतं."

आता सगळेच हसले, हंसा मॅडमसुद्धा. साक्षीच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि ती सगळ्यांना दुसऱ्या चित्राकडे घेऊन गेली, जरा जास्तच भराभर.

दुसरं चित्र वीतभर लांबरुंद, कोपऱ्यातलं. पायरीवर बसलेली एक कोळीण. बाजूला उपडी घातलेली टोपली, मांडीवर चुंबळ, नजर स्वतःच्या पायांकडे. एवढंच.

"ही आमच्या पालीची हाय," धर्माजींनी जाहीर केलं.

"नाव काय तिचं?" एकाने विचारलं.

"नाव न्हाय म्हाईत. पन बसायची रीत पालीचीच."

घरच्या पाठात इथे 'विसाव्याची शांतता' असं होतं. ते कपाटासमोर चौदा वेळा म्हणून झालं होतं. साक्षीने ते सोडून दिलं.

"टोपली रिकामी आहे," ती म्हणाली. "बाजार झाला, मासळी विकली, सावलीत बसली. मग ही वर का बघत नाही?"

साक्षीने सगळ्यांना चित्राजवळ बोलावलं.

"ओझं उतरलं तरी मान लगेच वर येत नाही, म्हणून. मघाच्या चित्रात सात पोती होती आणि वजन कुठेच नव्हतं. इथे टोपली उपडी आहे आणि वजन अजून मानेवर बसलंय. उतरायला दहा मिनिटं लागतात. मी मोजलीयेत."

"कुठे मोजली?" हंसा मॅडमनी विचारलं.

"घरी. शाळेत असताना. पप्पा कामावरून आले की दारातच बसायचे, असेच. आई पाणी द्यायची. त्यांची मान वर येईपर्यंत प्रगतिपुस्तक सहीला पुढे करायचं नाही, असा घरचा नियम होता. मी समोर बसून घड्याळ बघायचे. दहा मिनिटं."

"पंधरा," तात्याराव म्हणाले. "दहा मिनिटांत नुसतं पाणी पिऊन व्हायचं."

धर्माजी छताकडे बघायला लागले, जणू तिथेही एखादं चित्र टांगलेलं होतं. हंसा मॅडमनी चष्मा काढला.

"शशिकांतभाई. पोस्टातून घरी आल्यावर?"

तात्याराव सरळ उभे राहिले. "मी शशिकांत नाही. तात्याराव. हिचा बाप. गोदामात हमाल होतो. दहावा माणूस आला नाही म्हणून मी बसमध्ये चढलो. तिने तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, मला जमलं नाही. यात तिची चूक नाही."

"आहे," साक्षी म्हणाली. "नाव मीच सांगितलं. सॉरी, मॅडम."

मॅडमनी वही मिटली. चिठ्ठ्या वाटल्या. "भरा सगळ्यांनी," म्हणाल्या. "तात्यारावभाई, तुम्ही पण. खऱ्या नावाने."

बाकीच्यांच्या चिठ्ठ्या मिनिटभरात आल्या. तात्याराव बाकावर बसून लिहीत राहिले. शब्द, मग विचार, मग शब्द. साक्षी खांबाला टेकून उभी होती आणि मॉलच्या काउंटरचा विचार करत होती.

हंसा मॅडमनी चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. "दहापैकी दहा. फार छान. दहापैकी दहा. मुलगी गुणी आहे. दहापैकी दहा, वडापाव उत्तम." त्यांनी वर पाहिलं. "नऊच्या नऊ दहा. आणि ही दहावी." त्यांनी चष्मा नीट बसवला. "सहा."

"सहा?" धर्माजी ओरडले. "स्वतःच्या पोरीला? अरे तू मानूस हाय का काटा?"

मॅडम वाचत होत्या. "'एक मार्क कापला. चित्राच्या डाव्या कडेला उभी राहिली, त्यामुळे मागच्यांना सातवा हमाल दिसला नाही. एक कापला. प्रतिष्ठा पाच वेळा म्हणाली, वजन एकदाही नाही, विचारल्यावर म्हणाली. एक कापला. दुसऱ्या चित्राकडे पळत गेली, म्हाताऱ्या माणसांना बसायला सांगितलं नाही. एक कापला. पंधराची दहा केली.'"

त्यांनी चिठ्ठी घडी करून वहीत ठेवली.

"घरचे खोटे मार्क देतात म्हणून तो नियम केला आम्ही. इथे नऊ जण घरचे निघाले, आणि घरचा एकटा बाहेरचा. आता या दहाही चिठ्ठ्यांचं मी काय करू?" त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. "बाद. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेवढं धरते. साक्षी, नाव खोटं सांगितलं ते पुन्हा चालणार नाही. सोमवारी दहा वाजता या. तीन महिने कच्च्या नोकरीवर. आणि चित्राच्या कडेला उभं राहायचं नाही."

बसमध्ये मंडळींनी टाळ्या वाजवल्या, धर्माजींनी कोळीगीताचा सूर लावला आणि तो वाकडा गेला. साक्षी वडिलांच्या शेजारी येऊन बसली. आनंद झाला होता आणि रागही आला होता. आधी कोणता काढावा ते तिला कळेना.

"सहा, पप्पा?"

"सहा कमी नाहीत."

"मी गेले होते आज. संपलं होतं माझं सगळं. निदान आठ तरी लिहायचे ना!"

"आठ लिहिले असते तर पुढच्या वेळी काय देऊ? जागा नको वर?" तात्याराव खिडकीबाहेर बघत होते. "मला पहिल्या दिवशी मुकादमाने चार पोत्यांनंतर घरी पाठवलं होतं. म्हणाला, तुझ्याच्याने होणार नाही."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी परत गेलो."

साक्षीने डोकं सीटला टेकवलं. मग म्हणाली, "आईला पण सहाच सांगणार?"

"आईला नोकरी लागली एवढंच सांगायचं," तात्याराव घाईने म्हणाले. "सहा कळले तर मला जेवायला देणार नाही."