एरोनीने हात लावलेला दात

सोमवार, २० मार्च. सकाळपासून दमट. कसावा किसला, अर्धा नारळ लागला. लोसालिनीचा खटला आज नव्या मॅजिस्ट्रेटांपुढे आला, तारीख पुढची मिळाली. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये मॅजिस्ट्रेटांचं स्वागत, वादळामुळे दोन आठवडे लांबलेलं. मी कसावाचा केक नेला. मंत्र्यांच्या माणसांनी देवमाशाचा दात दिला, साहेबांच्या वतीने एरोनीने घेतला. दात हातात गेल्यावर ओसेआ म्हणाला, "साहेबांपुढे आज जे काम आलं आहे, ते आमच्या मनासारखं व्हावं." पावणेनऊला घरी. केकचे दोन तुकडे उरले.

माझ्या वहीतल्या या ओळी जशाच्या तशा उतरवल्या आहेत. मी अकरा वर्षांची असताना कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी मला पहिली वही दिली आणि एक नियम घालून दिला: काय झालं ते लिहायचं, काय वाटलं ते नाही. पासष्ट वर्षं मी तो पाळत आले. आज मोडते आहे, कारण एरोनीची गोष्ट दुसरं कोणी लिहिणार नाही.

एरोनी फिजीतल्या आमच्या गावच्या कोर्टाचा पट्टेवाला होता. खाडीपलीकडच्या गावातून एकोणिसाव्या वर्षी कागदांच्या पेट्या उचलायला आला, पुढे पुकारा करायला लागला, तो चौतीस वर्षं. माझे यजमान व्हिन्सेंट त्याच कोर्टात शिरस्तेदार होते. ते म्हणायचे, "मॅजिस्ट्रेट येतात नि जातात, कोर्ट असतं ते एरोनीच्या घशात." इस्त्रीचा पांढरा सुलू कमरेला गुंडाळून तो दारात उभा राहिला की बाजारातली गलबल आपोआप खाली यायची. त्याचा पुकारा आमच्या गावातल्या शाळकरी मुलांनाही पाठ होता: "कोर्ट भरलं आहे. ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी पुढे यावं, त्यांचं ऐकलं जाईल."

चौतीस वर्षांत त्याने कुणाकडून एक मासासुद्धा घेतला नाही. एकदा कोणीतरी त्याच्या उंबऱ्यावर जिवंत खेकड्यांची माळ ठेवून गेला. एरोनीने ती उचलून कोर्टाच्या नोटिसांच्या फळीवर टांगली आणि खाली खडूने लिहिलं, "मालकाने ओळख पटवून घेऊन जावी." खेकडे दुपारपर्यंत पाय हलवत होते. मालक आला नाही, पण गावाला कळायचं ते कळलं.

व्हिन्सेंट गेल्यानंतर दर ऑक्टोबरला, वादळांचे दिवस सुरू व्हायच्या आधी, तो शिडी घेऊन यायचा आणि माझ्या छपराची पन्हळ साफ करून द्यायचा. पाण्यासाठी टाकीवरच सगळी भिस्त, पन्हळ गळली तर वर्ष जड जातं. कामाच्या बदल्यात चार चमचे साखरेचा चहा, एवढंच.

त्याचं घराणं दूतांचं. आमच्याकडे मोठा माणूस दात स्वतःच्या हाताने घेत नाही. देणाऱ्याचा दूत बोलून दात पुढे करतो, मंत्र्यांच्या वतीने तो ओसेआ; घेणाऱ्याचा दूत तो घेतो, दोन शब्द बोलतो, सगळे ओंजळीने टाळ्या वाजवतात. त्यामुळे प्रत्येक नव्या मॅजिस्ट्रेटांच्या स्वागताला एरोनीच पुढे बसायचा. चौदा मॅजिस्ट्रेट झाले, चौदा दात. ते साहेबांच्या खोलीत भिंतीवर टांगले जायचे आणि बदली झाली की सामानाबरोबर जायचे. यात काही गैर आहे असं व्हिन्सेंटच्या मनात कधी आलं नाही. माझ्याही नाही.

आता लोसालिनी. ती बाजारात अळूचे कंद विकायची आणि विक्रेत्या बायकांच्या मंडळाची चिटणीस होती. जानेवारीत कळलं की बाजाराची जागा मंत्र्यांच्या मेव्हण्याला नव्वद वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली गेली. लोसालिनीने पट्ट्याच्या कागदाची नक्कल मिळवली, खोक्यावर चढली आणि कर्ण्यावरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचून दाखवली. स्वतःचा एक शब्द घातला नाही. नऊ फेब्रुवारीला पोलिसांनी तिला धरलं: लोकांना चिथावल्याचा आरोप.

पहिल्या दिवशी पोलीस चौकीबाहेर इतके डबे आले की शिपाई जेवून दमले. दुसऱ्या आठवड्यात तीन डबे होते. मार्चमध्ये भाजीवाली सोनमती मला पालक बांधून देता देता म्हणाली, "बाई, वाचायचं होतं तर घरात वाचायचं ना. कर्णा कशाला?"

"घरात वाचलं असतं तर तुला कळलं असतं का?"

"मला कळून काय झालं? गाळा जाणारच होता, आता झोपही गेली."

स्वागताच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एरोनी माझ्याकडे आला. पायरीवर बसला, आत येईना.

"बाई, काल मी चूक केली."

"कसली?"

"बोलणं पुरं व्हायच्या आधी हात लावला. फादर सारखे घड्याळ बघत होते, जेवणाचं भाजलेलं डुक्कर निवत होतं. ओसेआचं स्वागताचं बोलून झालं असं धरून मी हात पुढे केला. दात हातात आला, आणि मग त्याने ते वाक्य टाकलं. बदमाश. वाट बघत होता."

"मग तिथेच म्हणायचं, घेत नाही."

"हात लावल्यावर? टाळ्या सुरू झाल्यावर? तुम्हीसुद्धा वाजवल्यात, बाई."

वाजवल्या होत्या. दात घेतला म्हणजे मागणं मान्य केलं, हे फिजीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याला सही लागत नाही.

"परत देता येतो ना?"

"येतो. काम व्हायच्या आत. पण तो माझ्याकडे कुठाय? साहेबांच्या भिंतीवर गेला."

तो त्याच दिवशी साहेबांकडे गेला. काय झालं ते त्याने मला संध्याकाळी सांगितलं. "साहेब हसले. म्हणाले, 'एरोनी, मी परदेशात कायदा शिकून आलेला माणूस. गावठी दाताने माझा निकाल ठरेल असं वाटतं तुला?' मी म्हटलं, 'नाही ठरत ना साहेब, मग द्या परत.' तेव्हा हसायचे थांबले."

त्यानंतर दोन रविवार मिस्सा संपल्यावर साहेब मंत्र्यांच्या बंगल्यावर जेवायला गेले, आणि एकदा मंत्र्यांच्या नावेतून मासे धरायला. सगळं गाव धक्क्यावर उभं राहून बघत होतं. कुजबुजही व्हायची. पण त्या कुजबुजीत राग कमी आणि कौतुक जास्त होतं. केवढा मासा मिळाला, हे मला चार जणांनी सांगितलं.

लोसालिनीची वकील अंजना, राजधानीतून, सुवाहून आलेली तरुण मुलगी. तिने कोर्टात अर्ज दिला की साहेबांनी हा खटला दुसऱ्याकडे सोपवावा, कारण दात घेतला गेला आहे. साहेबांनी उत्तर दिलं की स्वागत पहिल्याच आठवड्यात झालं, तेव्हा हा खटला त्यांच्यापुढे आलेला नव्हता, आणि दात म्हणजे केवळ पाहुण्याचा मान. हॉलमध्ये त्या संध्याकाळी दोनशे माणसं होती. स्वागत वीस मार्चला झालं आणि ओसेआ काय बोलला, हे त्या दोनशेंतल्या एकालाही आठवेना. फादरांनाही नाही, आणि घड्याळ त्यांच्याच हातात होतं.

ईस्टरच्या आठवडाभर आधी, शनिवारी एरोनी अंजनाला घेऊन माझ्या घरी आला. "ताई, यांच्याकडे सगळं लिहिलेलं असतं. व्हिन्सेंटसाहेब कोर्टाची तारीख विसरले तर घरी येऊन बाईंना विचारायचे."

अंजना म्हणाली, "आंटी, मला एक पान हवं आहे. तारीख आणि ते वाक्य. तेवढ्याने खटला त्यांच्या हातून जाईल. नाहीतर लोसालिनी आत जाते."

माझा मुलगा क्लेमंट सुवाला सरकारी बांधकाम खात्यात आहे. दोन दिवसांपूर्वीच त्याचा फोन आला होता. "ममा, गावात काय चाललंय ते मला कळतं. तू त्या भानगडीत पडू नकोस. जूनमध्ये माझा करार नव्याने व्हायचा आहे. दोन मुलं आहेत मला."

सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. खरं न बोलता वेळ काढायला मात्र कुणी शिकवावं लागत नाही. मी म्हणाले, "जुन्या वह्या शोधाव्या लागतील. पेट्या माळ्यावर आहेत. ईस्टरनंतर या."

निकाल ईस्टरच्या आधी, बुधवारी होता. आणि वही चालू वर्षाची होती. निळ्या पुठ्ठ्याची, शिवणाच्या डब्याशेजारी, एरोनीच्या हातापासून वीतभर अंतरावर. वर पेनही ठेवलेलं होतं. त्याने वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठला. "चला ताई. बाईंना शोधायला वेळ लागेल."

बुधवार, १२ एप्रिल. कोर्ट खच्चून भरलं होतं. मी दुसऱ्या बाकावर. लोसालिनी पिंजऱ्यात उभी होती, केसांत कोणीतरी दिलेलं जास्वंदीचं फूल. साहेब येऊन बसले. एरोनीने पुकारा केला: "कोर्ट भरलं आहे. ज्यांना काही सांगायचं असेल त्यांनी पुढे यावं, त्यांचं ऐकलं जाईल."

आणि मग तो स्वतः पुढे आला. खाली बसला, गुडघे दुमडले, ओंजळीने तीनदा टाळी वाजवली.

"साहेब, मला सांगायचं आहे. वीस मार्चला, खटला तुमच्यापुढे आल्यावर, मी तुमच्यासाठी दात घेतला. तो परत मागतो. ओसेआच्या हातात गेला की मग तुम्हाला द्यायचा तो निकाल द्या."

साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग अगदी शांत. "वीस मार्चला? कुठे लिहिलं आहे तसं?"

एरोनीने मान वळवली. माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. एक नाव घेतलं असतं तर पुरे होतं.

"कुठे नाही, साहेब. मला आठवतं, एवढंच."

मागून कोणीतरी हसलं, आणि ते हसू बाकामागून बाक पुढे आलं. कोर्टात लोक हसताहेत आणि त्यांना गप्प करणारा माणूसच जमिनीवर बसला आहे, असं त्या इमारतीत पहिल्यांदाच झालं असेल. मी तेव्हा उठून उभी राहू शकले असते. वही माझ्या पिशवीत होती. का नेली होती, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

कोर्टाच्या अवमानाबद्दल एरोनीला तीन महिने. नोकरी गेली, तिच्यामागे पेन्शनही. लोसालिनीला अठरा महिने.

त्यानंतर गावाला वाचा फुटली. रेडिओवर लोक फोन करून कोर्टाच्या प्रतिष्ठेविषयी बोलले. लोसालिनीची प्रतिष्ठा कोणी काढली नाही. बाजारात एरोनीला एका दिवसात नवं नाव मिळालं, दातवाला. सोनमती म्हणाली, "साहेबांचा दात मागायला गेला आणि स्वतःचे पाडून घेतले." दुसरी म्हणाली, "चौतीस वर्षं आपल्याला गप्प बसवलं, एक दिवस स्वतःला बसता आलं नाही म्हाताऱ्याला." एरोनीने मंत्र्यांकडे जास्त मागितलं असेल, मिळालं नाही म्हणून उलटला असेल, असंही निघालं. हे बोलणाऱ्याने खेकड्यांची माळ डोळ्यांनी बघितली होती.

मे महिन्यात मेव्हण्याने बाजारावर नवं पत्र्याचं छप्पर घातलं आणि गाळ्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. लोसालिनीची जागा सोनमतीला मिळाली. जूनमध्ये क्लेमंटचा करार झाला, त्याने मला विजेची किटली पाठवली. जुलैमध्ये साहेबांची बढतीवर राजधानीत बदली झाली. निरोपाला सगळे गेले. दात सामानातून गेला.

एरोनी सुटला तो जुलैतच. मला दिसला नाही. मी त्या रस्त्याने जातही नव्हते.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला सकाळी फाटक वाजलं. शिडी खांद्यावर घेऊन तो उभा होता. वाळला होता, आणि आवाज अर्धा राहिला होता.

"पन्हळ गळतेय का, बाई?"

"उजव्या कोपऱ्यात."

तो वर चढला. दोन तास ठोकठोक चालली. मी चहा केला, चार चमचे साखर घातली. मग आत जाऊन निळी वही आणली, वीस मार्चचं पान उघडलं आणि व्हरांड्यातल्या टेबलावर कपाशेजारी ठेवली. दुसरं काय करणार होते मी?

तो उतरला, टाकीच्या नळावर हात धुतले, टेबलाशी आला. उभ्याउभ्या पान वाचलं. त्याला वाचायला वेळ लागतो. ओठ हलत होते.

"सापडली वाटतं," तो म्हणाला.

"एरोनी, अंजनाला फोन करते मी. आजच. वरच्या कोर्टात..."

"लोसालिनीचं अपील मागच्या गुरुवारी फेटाळलं. तुम्हाला कळलं नाही?" मग त्याने वही अलगद मिटली. चहा सांडू नये म्हणून कपापासून लांब सरकवली. "राहू द्या. चांगल्या अक्षरात आहे. खराब होईल."

"चहा तरी घे."

"आज नको, बाई."

शिडी घेऊन तो गेला. फाटक त्याने नेहमीसारखं कडी लावून बंद केलं.

संध्याकाळी मी वहीत लिहिलं: पन्हळ दुरुस्त झाली. चहा एक कप उरला, ओतून दिला.