ओतायला दुसरा हात लागतो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे जपानी दारूचा वर्ग. हसू नका. लॉकडाऊनमध्ये, हॉलंडात, अ‍ॅमस्टेलव्हीनला मुलाच्या घरी, जेवायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून.

शेजारी एक जपानी बाई राहते, एकटीच. साके म्हणजे तांदळाची दारू. ती कशी करतात, कशी प्यायची, हे हॉटेलाहॉटेलांत जाऊन गोऱ्यांना शिकवायचं, हा तिचा धंदा. हॉटेलं बंद झाली तशी ती लॅपटॉपवरून शिकवायला लागली. चार माणसं जमावीत म्हणून शेजाऱ्यांच्या दारात एकेक छोटी बाटली ठेवून गेली. आमची ही म्हणाली, "बिचारी एवढी धडपडतेय, तर बसू." म्हणजे मी प्यायचं आणि तिनं नुसतं बसायचं. स्वतः ती जन्मात थेंबाला शिवली नाही. "पंचशील म्हणताना दारूच्या पाचव्या शीलालाच तुम्हाला बरोबर खोकला येतो," हे तिनं मला विहारात सगळ्यांसमोर ऐकवलेलं.

बाईनं तांदूळ दाखवला. दाणा घासून घासून मोत्याएवढा केलेला. सून मराठीत सांगत होती. ही मध्येच म्हणाली, "आणि घासलेलं पीठ फेकून देतात का, विचार तिला." सुनेनं विचारलं. बाई इतकी खूश झाली, की बाकीच्यांना सोडून आमच्याशीच बोलत बसली. त्या पिठाचं पापडासारखं कुरकुरीत काहीतरी करतात म्हणे.

मग तिनं रीत सांगितली. आपल्या पेल्यात आपण ओतायचं नाही. दुसऱ्यानं आपल्याला ओतायचं, आपण दुसऱ्याला.

"हा कायदा मला पटला," म्हणत हिनं बाटली स्वतःकडे ओढली आणि मला अर्धा पेला दिला.

"अगं, अजून थोडी."

"पुरे. चव घ्यायला सांगितलंय, आंघोळ करायला नाही."

मी तिच्या पेल्यात चहा ओतला. बाई तिकडे टाळ्या वाजवत होती.

त्याच आठवड्यात हिला ताप आला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये आम्हाला बसू दिलं नाही. मग हॉस्पिटलातून फोन आला, की ती गेली. त्याबद्दल याच्यापुढं मला लिहिता येत नाही.

त्या संध्याकाळी मी उरलेली बाटली काढली. म्हटलं, पोटात घालावी आणि पडावं. पेला मांडला, बाटली धरली, पण ओतवेना. मुलगा म्हणाला, "बाबा, मी देतो ओतून." म्हटलं, "राहू दे." तो हात वेगळा होता. बाटली परत फ्रिजमध्ये गेली.

सून म्हणाली, शेजारच्या बाईला कळलं तेव्हा ती दारातच खाली बसली. माझ्या डोक्यात आलं, ही बाई सगळ्या जगाला सांगते दुसऱ्यासाठी ओता म्हणून. लॉकडाऊन लागल्यापासून हिच्या घरात कोणी पाऊल टाकलेलं नाही. हिला कोण ओततंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलं घालून चहा केला आणि थर्मासात भरला. मास्क लावून तिच्या दारात गेलो. पायरीवर दोन पेले ठेवले, तिचा भरला, माझा रिकामाच ठेवला, थर्मास शेजारी ठेवला. बेल वाजवली आणि मागं सरकून उभा राहिलो. बाई बाहेर आली. रिकाम्या पेल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली बसली, दोन्ही हातांनी थर्मास धरून माझा पेला काठोकाठ भरला आणि दाराशी मागं झाली. मी पुढं जाऊन पेला उचलला आणि तिथंच उभ्यानं प्यालो.