मी चढवलेला खांब

करर्र… करर्र… आमच्या उरवड्याच्या कारखान्यात पहिला प्रिंटर आला, त्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या आवाजानं माझी जी फजिती केली, ती काय सांगू तुम्हाला! चहा घ्या, सांगतो.

सेफ्टी ऑफिसर म्हणून अमरावतीकडची एक मुलगी नवीन लागली होती. माझ्या लेकीच्या वयाची. रोज विचारायची, "काका, कुणी घसरलं, काही पडलं, अगदी थोडक्यात वाचलात, तरी सांगत जा ना जी. मी कॉम्प्युटरात भरते."

सांगतंय कोण? महिनाअखेर तिनं भिंतीवर आलेखाचा कागद लावला. प्रत्येक खात्याचा एक खांब. आमच्या पत्रा दाबायच्या प्रेस खात्याचा खांब म्हणजे आडवी पडलेली वीट!

पॅकिंगचा इब्राहिमभाई हसला. "मारुतीदादा, तुमचा खांब बसलाय की खाली! साहेब म्हनत्यात, कुनी काय सांगतच न्हाई, मग ही बाई कशाला ठेवायची?"

म्हणजे पोरीची नोकरी जाणार? मला वाटलं, खांब म्हणजे शाळेतले मार्क. जितका उंच, तितकं पोरीचं काम चांगलं!

मग काय, मी तिला सांगतच सुटलो! सकाळी तेलावरून घसरलो. दुपारी हातोडा कानाजवळून गेला. संध्याकाळी बैलानं शिंग उगारलं.

"बैल? कारखान्यात?"

"फाटकाभाईर, मॅडम. पर लई जवळ आल्ता!"

बिचारी तेही भरायची.

पुढच्या महिन्यात आमचा खांब कागदाबाहेर जायला आला! मी पेढे आणले. वाटत होतो, तेवढ्यात मोठे साहेब आले.

"हा उंच खांब कुणाचा?"

"आमचा, साहेब! घ्या, पेढा घ्या."

"अहो, खांब उंच म्हणजे अपघात जास्त! त्याचे पेढे? मॅडम, एवढं होतंय तरी कुणाला? नावं काढा बरं."

करर्र… करर्र… कागद येतोय, येतोय, संपेचना. वरपासून खालपर्यंत एकच नाव. माझं!

साहेबांनी कागद वाचला. "हा माणूस जिवंत आहे अजून?"

सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी पेढ्यांच्या पुड्यासकट उभा!

"साहेब," मी म्हटलं, "पोरीचा खांब लई खाली व्हता, म्हनून मी चढवला. तिला काढू नका."

साहेब हसत हसत खुर्चीतच बसले. डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, तुमची नोकरी पक्की. या एका माणसासाठी तरी सेफ्टी ऑफिसर ठेवावाच लागेल!"

दुपारी मी चहा पीत बसलो होतो. मॅडम आली. तिनं माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं, हनुवटीखाली पट्टा घट्ट आवळला, कपातल्या चहावर दोनदा फुंकर मारली आणि निघून गेली.