वीस मीटर उंचीवरचा हापूस

माझ्या अकलेचे दिवाळे कसे निघाले ते ऐकायचंय? मग चहा घ्या आधी, कारण मध्ये उठलात तर मी पुन्हा सांगणार नाही. एकदाच सांगायची हिंमत आहे माझी.

मी विज्ञानाचा शिक्षक. नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा शिकवून शिकवून माझ्या तोंडाला फेस आलाय. वस्तू वर नेली की तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. पण गणित सुटणं आणि समजणं यात पालीपासून मुंबईपर्यंतचं अंतर आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आमचं गाव पालीजवळ. घर खाली आणि कलमांची बाग वर डोंगरावर. मध्ये चिऱ्यांच्या पायऱ्यांची उभी पाखाडी. माझे वडील लवकर गेले, मला वाढवलं काकाने. त्याने आयुष्यभर डोक्यावर क्रेट घेऊन ही पाखाडी उतरली, म्हणून मी बीएस्सी झालो. आता त्याचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केल्यात. पण काका कोणाचं ऐकतो?

त्या दिवशी वाडीत लग्न. गडी सगळे तिकडे. काढलेला कच्चा आंबा बागेतल्या खोपीत, म्हणजे झोपडीत, आणि संध्याकाळी टेम्पो येणार. सकाळी बघतो तर काका डोक्याला टॉवेल गुंडाळून उभा.

“कुठे निघालास?”

“आंबं कोण उतरवणार? तुजा बापूस?”

“मी उतरवतो. तू बस. पायरीवर पाऊल ठेवायचं नाही.”

काका बसला, पण चप्पल पायातच ठेवून. म्हणजे बघा, मी चुकलो की तो वर निघणार हे नक्की. माझ्या जिवाला त्याचाच घोर होता.

वर जाऊन मोजले तर बत्तीस क्रेट. बत्तीस वेळा चढायचं, बत्तीस वेळा उतरायचं? मी शिक्षक माणूस, माझी ताकद खडू उचलण्यापुरती. तेवढ्यात खोपीमागे पोफळीच्या पन्हळी दिसल्या. खोड उभं चिरून, पोखरून केलेल्या, पूर्वी पाटाचं पाणी न्यायला वापरायचे त्या. आणि माझ्यातला वैज्ञानिक जागा झाला.

खाली यायला माणूस लागतोच कशाला? गुरुत्वाकर्षण आहे की फुकट राबायला.

पन्हळींना पन्हळी जोडल्या, पाखाडीच्या कडेने थेट मागच्या अंगणापर्यंत. खाली भाताच्या पेंढ्याची रास, तिच्यावर गोधडी, गोधडीशेजारी काकी. हिशेबसुद्धा केला हो मी. आंबा पाव किलो, उंची वीस मीटर, ऊर्जा पन्नास ज्यूल. पन्नास ज्यूल फळ्यावर फार गरीब दिसतात. वाटलं, काय करणार बिचारे.

“काकी, काही बिनसलं तर हाक मार. हाक आली नाही तर मी पाठवत राहणार.”

“बरं रे बाबा. काकांका सांगितलंस काय?”

“सरप्राइज आहे.”

पहिला आंबा सोडला. अर्ध्या वाटेत अडकून बसला. घर्षण, दुसरं काय! मी अडकलेला आंबा सोडवून परत आणला आणि पन्हळीत वरून दोन बादल्या पाणी ओतलं. आता मला सांगा, जे घर्षण त्या आंब्याची ऊर्जा खात होतं, त्यालाच मी धुऊन टाकलं. हे नववीच्या पोराला कळलं असतं.

दुसरा आंबा सुळकन दिसेनासा झाला. कान देऊन ऐकलं. हाक नाही. म्हणजे उत्तम. मग मी लयीत आलो. एक, दोन, तीन, बादलीभर पाणी. एक, दोन, तीन, बादलीभर पाणी. क्रेट संपला, दुसरा उघडला.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. खाली पोचलेल्या पहिल्या आंब्याने गोधडी पेंढ्यासकट उडवली. दुसरा तांब्याच्या हंड्यावर असा बसला की हंड्याला पोचा. काकी घरात पळाली आणि मागचं दार लावून घेतलं. भीतीने तिच्या तोंडून आवाज फुटेना, मग हाक कुठली? तिसऱ्यापासून पुढचे सगळे आंबे थेट दारावर. आणि काका ओटीवरून ओरडतोय, “कोण हाय? या, या, दार वाजवताय कशाला, ढकला की.”

पन्नास ज्यूल म्हणजे किती, हे मी नंतर शांतपणे काढलं. बऱ्यापैकी गोलंदाजाने टाकलेला सीझन बॉल. तसे दोन क्रेट मी काकीवर टाकले होते.

मी तिसरा क्रेट उघडतोय तर पाठीमागे धापा ऐकू आल्या. वळून बघितलं. काका. उभी पाखाडी चढून आलेला, एक हात गुडघ्यावर. जी एक गोष्ट टाळायला एवढा खटाटोप, तीच मी करून ठेवली होती.

“काका, मी...”

“आधी पाणी बंद कर.”

मग त्याने क्रेटला हात घातला आणि मी तो हिसकावला. “मी नेतो. फक्त कसं उतरायचं ते सांग.”

“पाय आडवा टाक. घाई नाय करायची. आंब्याक खाली जायची घाई असता, आपण त्याका धरून ठेवायचा.”

निम्म्या पाखाडीवर माझे गुडघे लटपटायला लागले. आणि तिथे, भर उन्हात, मला तो धडा समजला. खाली येणाऱ्या आंब्याची ऊर्जा कुठे तरी जिरावीच लागते. पन्हळीतल्या आंब्यांची दारावर जिरली. काकाने उतरवलेल्या आंब्यांची त्याच्या गुडघ्यांत जिरली, प्रत्येक पायरीला, इतकी वर्षं. एकाही फळाला डाग नाही आणि माझी फी वेळेवर. अंगणात पोचून मी क्रेट खाली ठेवला आणि रडलो. घाम आहे असं काकीला सांगितलं. काकाला नाही सांगितलं, कारण त्याने विचारलंच नाही. तो माझ्या मागून एकेक पायरी धरत उतरत होता.

लग्न आटोपून वाडी परतली आणि पोरांनी उरलेला माल तासाभरात खाली आणला. टेम्पो वेळेत गेला. फुटलेला आंबा काकीने उकडून मोठ्या टोपात पन्हं केलं. उन्हातून आलेली पन्नासेक माणसं अंगणात बसून पेले रिकामे करत होती. जो तो विचारी, आज एवढं पन्हं कसल्या आनंदात?

काका उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अख्ख्या वाडीला सांगितलं, “बाळ्याक शिकवला त्याक इतकी वर्षा झाली. त्याच्या शिक्षणाचा वाडीक उपयोग आज पयल्यांदा होताय. घ्या, अजून घ्या, दोन क्रेट शिकलाय तो.”