टेंभरेंच्या मिलचे पाणी

८ ऑक्टोबर २००४ रोजी आमच्या मिलने संघदीप गजभिये यांच्या नावे चार हजार तीनशे पन्नास रुपयांचा चेक काढला. मी मिलचा लेखापाल, त्यामुळे चेक मीच लिहिला. काम होते पाण्याची तपासणी आणि प्रदूषण मंडळासाठी अहवाल. असे काम करून देणारा माणूस तोवर आम्ही पाहिला नव्हता.

आमची मिल उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची. धान गरम पाण्याच्या हौदात भिजवायचे, मग वाफवायचे, वाळवायचे आणि भरडायचे. भिजवणीचे पाणी पिवळे पडते, आंबते. ते नालीने शेजारच्या गावाच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, जात होते. त्या साली बोडीतले मासे मेले. ढिवरांच्या मासेमारी संस्थेने तक्रार केली आणि मंडळाची नोटीस आली. दिवाळीनंतर नवीन धान सुरू होणार होते. त्याआधी पाणी सुधारले नाही तर वीज तोडली जाणार होती.

संघदीप केशोरीचे. वडील केवळराम यांनी दुसऱ्यांच्या शेतात, धुऱ्यावर राबून त्यांना शिकवले. रसायनशास्त्र घेऊन ते एम.एस्सी. झाले आणि नागपूरच्या प्रयोगशाळेत लागले. ती नोकरी सोडून गोंदियाला एका खोलीत त्यांनी स्वतःचे काम उघडले. आमची मिल हे त्यांचे पहिले काम. ते बिघडले असते तर दुसऱ्या कोणत्याही मिलवाल्याने त्यांना दारात उभे केले नसते. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितले, पण आवाजात काळजी नव्हती.

नमुना घ्यायला ते बर्फाची पेटी आणि बाटल्या घेऊन आले. बॉयलरवाले बिसराम आंघोळ करून, टोपी घालून हौदापाशी उभे होते. हौद घासलेला, कडेला चुन्याची रेघ, आत नितळ पाणी.

संघदीपनी वाकून पाहिले, ओंजळीत घेऊन वास घेतला. “बिसरामकाका, हे पानी पिता का?”

“पितो ना! विहिरीचंच हाय.” बिसरामनी खरेच दोन ओंजळी घेतल्या.

“मंग यात माझं काय काम?”

“पाहुना घरी येऊन रायला, तं त्याले घान दाखवाची का, साहेब? रातच्यानं घासून रायलो मी.”

लबाडी अजिबात नव्हती. पाहुणा येणार म्हणून अंगण सारवावे तसा त्यांनी हौद घासला होता. संघदीप हसले. म्हणाले, “आता यात धान टाका. भिजू द्या. मी बसतो.” आणि सुतळीच्या बाजेवर पेपर वाचत बसले.

मालक छोटेलाल टेंभरे यांना हे कळले तेव्हा ते तरातरा आले.

“गजभियेजी, अच्छा पानी मिल रहा है, तर तेच भरून घ्या ना! मी पैसे कायले देऊन राहिलो? कागदासाठीच ना?”

“कागद मी आज देईन, शेठजी. हंगामात मंडळाचा साहेब न सांगता येईल आणि आपल्या हाताने बाटली भरेल. दोन कागद जुळणार नाहीत. मग माझी खोलीही बंद आणि तुमची मिलही.”

“तुम्ही आमचे का मंडळाचे?”

“तुमचाच. मंडळाचा असतो तर कुलूप घेऊन आलो असतो.”

“नको मला तुमची तपासणी. जा नागपूरला!”

“चेक बँकेत टाकला आहे,” संघदीप शांतपणे म्हणाले. “आता काम केल्याशिवाय जाता येत नाही.”

छोटेलालजींना हसू आवरेना. “बडा चिकट आदमी आहे,” मला म्हणाले आणि दुसरी खुर्ची मागवली.

पिवळ्या पाण्याचाच नमुना गेला. आकडे वाईट आले. त्या आकड्यांवरून संघदीपनी गाळाचा हौद, चुन्याचा हौद आणि हवा सोडायचा हौद असे तीन हौद आखून दिले. शेवटच्या हौदातून निघालेले पाणी मिलच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, सोडायचे, जास्तीचे तेवढे बोडीकडे. गवंडी लागले, चुना आला, दिवाळीआधी तिन्ही हौदांतून पाणी वाहू लागले. दुसऱ्या नमुन्याचे आकडे मर्यादेत बसले.

तरी तक्रार उभीच होती. गावात आकडे कोण वाचणार? संघदीप सरळ संस्थेच्या सुलोचनाबाई वलथरे यांच्या ओट्यावर गेले. मी सोबत होतो.

“बाई, रोहूचं बीज पायजे. शेवटच्या हौदात सोडतो.”

“अजून मारालेच नेऊन रायले का?” बाई कडाडल्या. “बोडीतले पुरले नाईत तुमाले?”

“जगले तर पैसे घ्या. मेले तर दुप्पट घ्या, आणि मंडळाकडे मीच तुमच्यासोबत येतो.”

“लिहून देता?”

“हे लेखापाल साक्षीला आहेत.”

“हे? हे तं मिलचंच मीठ खाऊन रायले!” बाई म्हणाल्या, पण उठल्या. नव्वद रुपयांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, त्यांनी उधारीवर दिली आणि ती सोडताना स्वतः हौदाच्या काठावर बसल्या. रोज सकाळी येऊन कोंडा टाकून पाहत. मासे वर येत. पंधरवडा झाला तेव्हा त्यांनी पदर खोचला, संस्थेची माणसे आणून दाखवली आणि तक्रार मागे घेतली. मंडळाचे संमतीपत्र आले. नवीन धानाचा पहिला ट्रक वेळेवर लागला.

पुढे तिरोडा आणि देवरीकडच्या मिलवाल्यांनी संघदीपना बोलावले. त्यांना आधी ‘मासेवाले साहेब’ म्हणायचे, मग नुसते साहेब. २०१२ मध्ये त्यांनी गोंदियात स्वतःची प्रयोगशाळा टाकली. तिथे आज चार जण कामाला आहेत आणि वाईट आकडा वाईटच लिहिला जातो. गिऱ्हाईक त्यासाठीच येते.

सुलोचनाबाईंकडे मी दर दिवाळीला बोटुकलीचे पैसे घेऊन जातो. त्या घेत नाहीत.

“ठेवा तिकडंच. देनं रायलं तं बोडीकडं पाहून रायता तुमी.”

पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होईन. मत्स्यबीजाचे नव्वद रुपये मिलकडून त्यांना देणे बाकी आहेत.