साहेबफूल

ये मनू, अशी माझ्याजवळ बस. पण आधी ते रोप बाहेर ओट्यावर ठेवून ये, घरात नको. इतके दिवस तोंड दाखवलं नाहीस, आणि आलीस तर हे घेऊन, तेही नर्सरीतून विकत. काय नाव सांगितलं त्यानं, लॅन्टाना? दिसतं गोड, हौ, एका गुच्छात पिवळं नि गुलाबी. आम्ही याला घाणेरी म्हणतो, इथले लोक राईमुनिया म्हणतात, आणि सगुणाजीजी साहेबफूल म्हणायची. तू जीजीला पाहिलं नाहीस, म्हणून रागावत नाही. सांगते.

मध्यप्रदेश होऊन थोडीच वर्षं झाली होती. सरकारी दफ्तरं भोपाळला निघाली आणि आमचं बिऱ्हाड शहरातल्या बड़ा गणपतीहून इथं राऊ गावात आलं. मी नवी सून. एक दिवस मागच्या दारी भांडी घासताना समोर टेकडीवर बघते तर एक बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात फौजेचे बूट. एकेक झुडूप उपटायची आणि दगडावर उलटं ठेवायची, मुळं आभाळाकडे. मला राहवलं नाही. गेले आणि विचारलं, "अहो बाई, असं उलटं का?"

"सुलटं ठेवलं तर परत जमीन धरतं," ती म्हणाली. "तू कुणाची सून? बरं, असू दे. उभी काय राहतेस, तो दगड दे इकडे."

झाली ओळख. हीच सगुणाजीजी. त्या दिवशी हाताला जो उग्र वास लागला तो राखेनं घासूनही दोन दिवस गेला नाही.

जीजीचे वडील महूच्या फौजेत होते. लहानपणी ती छावणीत साहेबाच्या बंगल्यापुढून जायची, तिथं या घाणेरीचं कुंपण होतं, कातरून पेटीसारखं केलेलं. एकदा तिनं एक गुच्छ तोडला, तर माळ्यानं हाकललं. "कुंपणाला हात लावू नकोस म्हणाला," ती सांगायची. "मी तेव्हाच ठरवलं, हे फूल माझ्या दारात लागेल." लग्न होऊन राऊला आली, तर पहिलं काम तेच केलं. ओल्या गोणपाटात काड्या गुंडाळून महूहून आणल्या आणि दारापुढे कुंपण केलं. लोक बघायला यायचे. कुणी मागितलं तर ती हौसेनं काड्या द्यायची. अर्ध्या गल्लीला तिनंच वाटल्या.

पाखरांनी काळी फळं खाल्ली आणि बी टेकडीवर नेलं. टेकडी म्हणजे गावाची चरनोई, ढोरं चरायची जागा. पाच-सात वर्षांत तिथं गवत दिसेना. मग एका कोरड्या उन्हाळ्यात कालू भियाची गाय भुकेपायी हाच पाला खाऊन आली. डोळे पिवळे झाले, नाकाकानाची कातडी सोलून निघाली, उन्हात उभं राहवेना. आठ दिवसांत गेली. कालू भिया शेजारचा दूधवाला, घरात तेवढी एकच दुभती. तो जीजीला एवढंच म्हणाला, "थारो कई कसूर, जीजी. भूखी थी, खई गी." तुझा काय दोष, भुकेली होती, खाऊन गेली.

"शिवी दिली असती तर बरं झालं असतं," जीजी मला म्हणाली. "शिवीला उत्तर देता येतं."

तिनं आधी दारापुढचं कुंपण काढलं, मग टेकडी धरली. पण पहिल्या वर्षी काय केलं, ठाऊक आहे? कुऱ्हाडीनं कापलं आणि पेटवलं. पावसात बुडख्यातून दुप्पट फुटलं. कापलेल्या काही फांद्या शेजाऱ्यांच्या वांग्या-मिरच्यांना कूड म्हणून खोचल्या होत्या, त्याही रुजल्या. सगळी गल्ली हसली. तीही हसली, म्हणाली, "मी कुणाला वाळकी काडीसुद्धा देऊ नये." मग तिला कळलं, मातीत दोन बोटं खाली, मुळाची मान असते तिथं घाव घालायचा. वर कापून उपयोग नाही.

मी रोज जायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "मदत कर, पण पाणी घरी येऊन पी." मी पाणी जीजीच्या घरीच प्यायले, तिच्या माठातलं, भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली बसून, आणि घरी येऊन तसं सांगितलंही. चार दिवस घरात कुणी बोललं नाही माझ्याशी. नाही तर नाही. काम चांगलं झालं.

मग खबर आली. टेकडीवर चारा उरला नसेल तर सरकार ती चरनोईतून काढणार, प्लॉट पाडायला देणार. पावसाळ्यानंतर पाहणी. त्या पावसात जीजी घरात म्हणून बसली नाही. मी, गल्लीतल्या दोघी-तिघी, आणि शेवटी कालू भियाची बायको. काट्यांनी हात असे झाले होते की भाकरी थापताना पीठ झोंबायचं. जेमतेम अर्धी टेकडी मोकळी झाली, आणि तिथं गवत आलं, बारीक, पण हिरवं.

पाहणीला आलेला माणूस पायथ्याशीच थांबला. "बाई, यह तो जंगल है. बंजर लिख देता हूँ."

"ऊपर चलिए," जीजी म्हणाली. "जूते अच्छे हैं आपके, मेरे जैसे."

वर नेलं. त्यानं गवत पाहिलं, पलीकडचं रान पाहिलं. "यह फिर उग आएगा, बाई. आपसे नहीं होगा."

"लगाया तब किसी ने नहीं कहा कि आपसे नहीं होगा," जीजी म्हणाली. "जितना साफ है उतना चरनोई लिखिए. मैं यहीं खड़ी हूँ." आणि खरंच उभी राहिली, त्याच्या कागदावर नजर ठेवून, तो लिहीपर्यंत.

अर्धी लिहिली गेली, अर्धी गेली. आज तिथं घरं आहेत. लोक म्हणाले, जीजी, जिंकलात. ती म्हणाली, "अर्धी वाचली. अर्धी मी घालवली, हे पण सांगत जा." कालू भियानं नवी वासरी आणली, तिला पहिल्यांदा त्या गवतावर जीजीनंच सोडलं. वासरी खात होती आणि जीजी तिच्या तोंडाजवळ वाकून एकेक पान बघत होती.

पुढे बारा-तेरा वर्षं ती दर पावसानंतर टेकडीवर जायची. शेवटच्या आजारपणात मला म्हणाली, "बी मातीत झोपून असतं. एक वर्ष बघितलं नाहीस तर मी गेले आणि तूही गेलीस असं समजेल ते." बूट मला दिले. मला ते मोठे, पुढे कापूस कोंबून घालते. अजून घालते. गुडघे कुरकुर करतात, करू देत.

आता जा, ते रोप कुंडीतून काढ आणि उन्हात उलटं ठेव, मुळं वर. वाईट वाटेल, मलाही वाटतं, फूल काही वाईट नाही. आणि हे बघ, पाऊस उघडला की जमीन मऊ असते, महिनाभरच. तेव्हा ये, लवकर ये, दोन दिवस राहायलाच ये. बूट मात्र तुझे आण. माझे मला लागतात.