शेवंतीवरची घोंगडी

"शेंडो खुडल्याबिगर झाड शाणा होणा नाय," असं म्हणत मावशी शेवंतीचा कोवळा शेंडा नखाने खुडायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. चांगलं वाढतंय बिचारं, आणि ही बाई त्याचं डोकंच उडवते! पण तुमच्यापैकी कुणी शेवंती लावली असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. पावसात शेंडा खुडला की तिथून चार फांद्या फुटतात, आणि दिवाळीच्या सुमाराला झाड फुलांनी वाकतं.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून परळच्या चाळीत आले, तेव्हा मावशी आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. विधवा बाई, मालवणकडची. गिरणीत वाइंडिंगला कामाला. गॅलरीच्या कठड्याशी तिने तेलाचे रिकामे डबे ओळीने मांडले होते. पावसात तेरडा, दसऱ्याला झेंडू, आणि मग शेवंती. गिरणीतून आली की आधी केसांतला कापूस झटकायची, मगच झाडांना हात लावायची. "कापसान नाक भरता तेंचा," म्हणायची.

झाडांना ती मासे धुतलेलं पाणी घालायची. वास सगळ्या मजल्यावर. पलीकडच्या खोलीतल्या काकू एकदा नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, ह्या पाण्यावरची फुलं तुम्ही देवाला वाहता?"

मावशी म्हणाली, "देव फुलाचो वास घेता. मुळाचो नाय."

त्या दसऱ्याला काकूंनीच तिच्याकडून झेंडू मागून नेला.

मी फार बोलत नसे. नवीन घर, नवीन माणसं, शब्द तोंडातच राहायचे. मावशीला त्याचं काही नव्हतं. मी दारात दिसले की ती म्हणायची, "बघतंस काय गो? डबो फिरव." उन्हाची बाजू बदलावी म्हणून रोज सकाळी प्रत्येक डबा थोडा फिरवायचा असे. पहिल्याच वर्षी तिने शेवंतीच्या बुडातलं एक पिल्लू काढून मला वेगळ्या डब्यात लावून दिलं. तो डबा मी आमच्या दाराशी, खांबाच्या आडोशाला ठेवला.

ती शेवंती मावशीच्या मुलाने आणलेली होती. एकुलता एक मुलगा, गिरणीत बदली कामगार. वसईला मित्राच्या लग्नाला गेला आणि येताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून एक रोप घेऊन आला. पिवळीधमक, बारीक पाकळ्यांची जात. मावशी त्याला म्हणाली, "लोक लग्नातसून बायको बघून येतत, तू झाड घेऊन इलस!" तो नुसता हसला. मी त्याला तीनचारदाच नीट पाहिलं असेल. जिना उतरताना तो नेहमी शेवटच्या तीन पायऱ्या उडी मारून उतरायचा, तो आवाज मात्र अजून कानात आहे.

संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं तेव्हा तोही गेला. पौष महिना होता. गोळीबार झाला. त्याला घरी आणलं तेव्हा गॅलरीत शेवंती भरून फुललेली होती. मावशीने एकही फूल ठेवलं नाही, सगळी त्याच्यावर घातली.

त्या पावसाळ्यात तिने शेंडे खुडले, पण मुकाट्याने. शहाणपणाचं ते वाक्य तिने पुन्हा कधी उच्चारलं नाही.

गणपतीच्या दिवसांत चाळीतल्या पोरांनी त्याचा फोटो मोठा करून आणला. कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून काढलेला, म्हणून कडेला दुसऱ्याचा अर्धा खांदा दिसायचा. तो मावशीच्या दारावर लावला. आमच्या ह्यांनी स्वतः वायर ओढून त्याच्यावर बल्ब बसवला. हा दिवा महाराष्ट्र मिळेपर्यंत विझवायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. दिवसरात्र तो जळायचा. मावशीला वाचता येत नसे. मला चौथीपर्यंतचं येत होतं.

"खाली काय लिवल्यानी गो?"

"हुतात्मा."

"आणि नाव?"

"नाव आहे ना, खाली बारीक अक्षरात."

"नाव कशाक बारीक?" ती म्हणाली, आणि फोटोची काच पदराने पुसून आत गेली.

तिने मनाशी एक धरलं होतं. वर्षश्राद्धाला त्याच्या फोटोला त्याच्याच शेवंतीचा हार घालायचा. बाजारातलं फूल नको. पण दसरा गेला, दिवाळी गेली, तिच्या सातही डब्यांत एक कळी दिसेना. झाडं हिरवीगार, उंच, नुसती पानंच पानं. मावशी रोज वाकून शेंडे चाचपायची. "रुसलो माझ्यार," एवढंच म्हणायची.

आणि माझ्या डब्यात कळ्या आल्या होत्या. बोटांवर मोजता येणार नाहीत इतक्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तो डबा घरात घेतला आणि मोरीत बंबामागे लपवला. जणू चोरी केली होती मी.

मग एक दिवस तिच्या शेवटच्या डब्याला पाणी घालताना मला दिसलं. त्या झाडाच्या चार फांद्या खांबामागे गेल्या होत्या. त्यांच्यावर मोहरीएवढ्या कळ्या होत्या. उजेडातल्या फांद्यांवर काही नव्हतं. माझाही डबा खांबाच्या अंधारातच होता. दिव्यामुळे झाडांना रात्र होतच नव्हती.

मी ह्यांना भीतभीत म्हटलं, "तो दिवा रात्रीचा जरा बंद केला तर?"

"काय बोलतेस तू? हुतात्म्याचा दिवा आहे तो! मावशीला काय वाटेल?"

दुसऱ्या दिवशी मावशी पाणी मागायला म्हणून आमच्याकडे आली आणि सरळ मोरीत गेली. ती बंबामागे वाकून पाहत राहिली.

"माझ्यापासून लपयतंस?"

मला रडूच आलं. रडता रडता खांबाचं, दिव्याचं सगळं सांगितलं.

ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "माका कळान पंधरा दिस झाले. पण तेचो दिवो मी कशी मालवू गो? पोरांनी इतक्या मायेन लावलो."

तेव्हा मी बोलले. त्या चाळीत आल्यापासून एवढं मोठं मी कुणाशी बोलले नव्हते. "दिवा राहू दे, मावशी. आपण झाडांना झाकू. तिन्हीसांजेला झाकायचं, सकाळी काढायचं. त्यांची रात्र त्यांना मिळेल."

मावशी उठली आणि घरातून एक घोंगडी घेऊन आली. मुलाची. तो गेल्यापासून ती उशाला घेऊन निजायची, कुणाला हात लावू देत नसे. आम्ही दोघींनी डबे एकमेकांना चिकटवले, चार काठ्या बांधल्या आणि वर घोंगडी टाकली.

चाळ हसली. खालच्या मजल्यावरचा एक म्हातारा म्हणाला, "काय मावशी, झाडांना थंडी वाजते वाटतं?"

"होय. तुका वाजता तशीच. तू बायलेची गोधडी घेतंस मां?"

कुणाला खरं कारण सांगितलं नाही. दिव्याला नावं ठेवली असं नको व्हायला. रोज तिन्हीसांजेला आम्ही झाकायचो. तिला गिरणीतून यायला उशीर झाला की मी एकटी झाकायचे. मार्गशीर्षात कळ्या दिसल्या. पौषात, श्राद्धाच्या चार दिवस आधी, पहिलं फूल उमललं. हार लहानच झाला, पण फोटोच्या कडेचा तो परका खांदा त्याने बरोबर झाकला. आता फोटोत तो एकटाच दिसत होता.

पुढे मावशीचे डोळे गेले, गिरणी सुटली, आणि भाच्याने तिला गावी नेलं. डबे मला देऊन गेली. तिकडेच ती वारली असं पत्र आलं, तेही मीच वाचलं.

पण ती आठवते ती महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळची. सगळ्या गॅलऱ्यांवर दिव्यांच्या माळा होत्या. खाली लेझीम, गुलाल. ठरल्याप्रमाणे पोरं फोटोवरचा दिवा मालवायला वर आली, तर मावशी शेवंतीवर घोंगडी घालत होती. उन्हाळ्याचे दिवस, कळ्यांना अजून पाचसहा महिने होते. मी म्हटलं, "मावशी, आज कशाला? आता झाकायचं काम नाही."

"ठावक आसा," ती म्हणाली. "आज सगळी चाळ जागी रवतली. ह्येंका तरी निजांदे."

पोरांनी दिवा मालवला. मावशी डब्यांशेजारी बसून राहिली, घोंगडीवर हात ठेवून, हळूहळू थोपटत.